‘१००% शुद्ध लोकर’ आणि बाळाची लाल झालेली मान

विणतेय_तर_विणू | ११ जानेवारी, रात्री ९:४२

मंडळी, हा धागा धाग्याबद्दलच आहे. कोटी मीच आधी करून टाकते, म्हणजे प्रतिसादांत कुणाला मोह नको.

भाचीला मुलगा झाला. नाशिकची डिसेंबरातली थंडी सांगायला नको, म्हणून हौसेने झबलं, टोपडं आणि स्वेटर विणायला घेतलं. एरवी मी कॅशमिलॉन, म्हणजे कृत्रिम ॲक्रिलिक धागा, वापरते. या वेळी म्हटलं, बाळासाठी आहे, शुद्ध लोकरच घ्यायची. दुकानदाराने लोकरीचे दोन गुंडे समोर ठेवले. एकाच्या पट्टीवर ‘१००% प्युअर वूल’, दुसऱ्यावर ‘१००% मेरिनो, १९.५ मायक्रॉन’. दुसरा जवळजवळ तिप्पट महाग. दोन्ही शुद्ध, दोन्ही चार पदरी, चिमटीत धरून पाहिलं तर दोन्ही मऊच. मी अर्थातच पहिला घेतला.

तीन आठवडे खपून विणलं, बारशाला घातलं, आणि अर्ध्या तासात बाळाची मान लालबुंद. बाळ रडतंय आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. पुढचं विचारू नका.

तर प्रश्न असे. मायक्रॉन म्हणजे नेमकं काय मोजतात? लोकरीची प्रत ठरवतं कोण आणि कशावरून? आणि सासऱ्यांची जुनी काळी घोंगडी आहे, ती अंगाला अक्षरशः घासते, तरी ते म्हणतात “याच्यासारखी लोकर आता मिळायची नाही.” दोघांपैकी कोण चुकतंय, मी की ते?

चहा_दोन_कप | ११ जानेवारी, रात्री १०:०५

वाचतेय. माझ्याकडेही असाच एक मफलर आहे, दहा वर्षं कपाटात. कुणी दिलाय ते आठवतं, म्हणून टाकवत नाही.

पाचवा_गिअर | ११ जानेवारी, रात्री १०:१८

सोपं आहे. दोऱ्याचं टोक जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली, तर चांगली लोकर. तुम्हाला भेसळीची विकली असणार.

दक्षिणबेट | १२ जानेवारी, सकाळी ६:३१

@पाचवा_गिअर, जाळून एवढंच कळतं की ती लोकर आहे, ॲक्रिलिक नाही. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. पण घोंगडीची लोकर जाळा नाहीतर सर्वांत महाग मेरिनो जाळा, वास तोच येणार. ताईंना बहुतेक शंभर टक्के शुद्ध लोकरच मिळाली होती. गोम तिथेच आहे.

मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ राहतो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं लोकर तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे हात शिवशिवले. जरा लांबण लागेल.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लोकरीच्या बाबतीत तो एका सुट्या तंतूची जाडी सांगतो, दोऱ्याची नव्हे. चार पदरी, दोन पदरी हा हिशेब दोऱ्याचा, त्याचा मऊपणाशी संबंध नाही. माणसाचा केस साधारण ६०–८० मायक्रॉनचा असतो. मेरिनो मेंढीची लोकर ढोबळमानाने १५ ते २४ मायक्रॉनच्या दरम्यान. इथल्या रोमनी जातीच्या मेंढीची ३३ ते ३७, कधी त्याहून जाड.

आता टोचतं का? बऱ्याच जणांना ही ॲलर्जी वाटते. क्वचित असतेही, पण बहुतेक वेळा कारण निव्वळ यांत्रिक असतं. कापडाच्या पृष्ठभागावर तंतूंची टोकं उभी असतात. तंतू बारीक असला तर त्वचेला लागताच टोक वाकतं. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढे ते वाकत नाही, सुईसारखं रुततं आणि त्वचेखालच्या संवेदना जागवतं. शंभरात पाचाहून जास्त तंतू असे जाड असले की बहुतेकांना टोचायला लागतं. बाळाला आणि नाजूक कातडीच्या माणसाला त्याआधीच.

म्हणजे नुसती सरासरी बघून भागत नाही. समजा दोन गुंडे आहेत, दोघांची सरासरी २२ मायक्रॉन. एकात सगळे तंतू २२च्या आसपास घोटाळतात, तिथे ३०च्या वरचे शंभरात दोनच निघतील. दुसऱ्यात दोन वेगळ्या कळपांची लोकर मिसळलीय, तिथे सात-आठ निघतील. पट्टीवर आकडा एकच, पण एक गळ्यात घालाल आणि दुसरी काढून फेकाल. म्हणून आमच्या अहवालात सरासरीशेजारी आणखी एक आकडा असायचा, शंभरातले किती तंतू ३० मायक्रॉनच्या आत आहेत त्याचा. त्याला इथे ‘कम्फर्ट फॅक्टर’ म्हणतात. कपड्याच्या लोकरीसाठी मी आधी तो बघेन.

आणि ताई, तुमची खरी चूक चिमटीत झाली. बोटांच्या टोकांची कातडी जाड असते, तिला हे टोचणं कळतच नाही. गुंडा हनुवटीखाली, गळ्याशी धरून दोन मिनिटं ठेवायचा. दुकानदार विचित्र नजरेने बघतो. बघू द्यावं.

विणतेय_तर_विणू | १२ जानेवारी, सकाळी ८:५०

दक्षिणबेट, केवढं हायसं वाटलं! म्हणजे फसवणूक नाही, माझंच अज्ञान. ‘प्युअर’ म्हणजे फक्त दुसरं काही मिसळलं नाही एवढंच. बासमतीही शुद्ध तांदूळ आणि रेशनचाही शुद्ध तांदूळ.

तो स्वेटर कंडिशनरमध्ये भिजवून मऊ होईल का?

दक्षिणबेट | १२ जानेवारी, सकाळी ९:१४

थोडा निसरडा होईल, तंतू बारीक होणार नाही. दोन धुण्यांत पुन्हा तेच. तांदळाची उपमा आवडली, उचलणार आहे.

जुनी_गिरणी | १२ जानेवारी, दुपारी १:२०

धागा पाहून राहवलं नाही. माझी नोकरी कताईत गेली, आधी सूत आणि शेवटची अकरा वर्षं लोकर. मायक्रॉन हे अलीकडचं प्रकरण हो. आम्ही शिकलो तेव्हा वयस्कर मंडळी ‘साठचा’, ‘चौसष्टचा’, ‘छप्पनचा’ असंच बोलायची.

हे इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डचं माप. एक पौंड धुऊन-विंचरून तयार केलेल्या लोकरीपासून जास्तीत जास्त बारीक सूत कातलं, तर त्याच्या किती लडी होतील, हा तो आकडा. एक लड ५६० यार्डांची. ‘चौसष्ट’ म्हणजे चौसष्ट लडी, म्हणजे ३५,८४० यार्ड, म्हणजे पावणेतेहतीस किलोमीटर. अर्धा किलोही न भरणाऱ्या लोकरीचा दोरा बोरीबंदराला बांधून निघालात, तर मुलुंड ओलांडून ठाण्याच्या अलीकडे संपेल. भरड लोकर ‘छत्तीस’ची असेल तर कुर्ला गेलं आणि घाटकोपरच्या आसपासच तुटला. तंतू जितके बारीक तितके एका दोऱ्याच्या जाडीत जास्त बसतात, म्हणून दोरा बारीक ओढता येतो आणि तुटत नाही. मापामागचं तर्कशास्त्र एवढंच.

गंमत म्हणजे दर वेळी कातून कुणीच बघत नसे. पारखी माणूस मूठभर लोकर उचलायचा, उत्तरेच्या उजेडात धरायचा, बट फाकवून बघायचा आणि म्हणायचा, “साठ.” त्यावर सौदा. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने या प्रत्येक आकड्याला मायक्रॉनची चौकट ठोकून दिली. चौसष्ट म्हणजे २०.६० ते २२.०४, ऐंशी म्हणजे १७.७० ते १९.१४, असं खाली छत्तीसपर्यंत. त्याआधी अमेरिकेत तर रक्तावर प्रत असायची. ‘अर्धं रक्त’, ‘तीन अष्टमांश रक्त’, ‘पाव रक्त’. मेंढीत मेरिनोचा अंश किती, त्यावरून. लोकरीची सोयरीक जुळवतायत की काय असं वाटायचं.

कापडपेठ | १२ जानेवारी, दुपारी ४:४५

म्हणजे आमच्या दुकानात सुटाच्या कापडावर ‘सुपर १२०’ लिहिलेलं असतं, ते हेच का? गिऱ्हाईक विचारतं आणि आम्ही ‘जास्त आकडा, जास्त भारी’ म्हणून मोकळे होतो.

जुनी_गिरणी | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:०२

वंश तोच, पण आता त्याचा लडींशी संबंध उरलेला नाही. लोकर उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बांधून दिलाय. ‘सुपर १००’ म्हणायचं तर तंतूची सरासरी १८.७५ मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. पुढे दर दहा आकड्यांना अर्धा मायक्रॉन कमी. ११० ला १८.२५, १२० ला १७.७५, १५० ला १६.२५. कधी तोंडी हिशेब करून गिऱ्हाइकाला सांगा, छाप पडेल.

आणि मौज बघा. १८.७५ मायक्रॉनची लोकर ब्रॅडफर्डच्या हिशेबात ‘ऐंशी’ची. तीच कापडावर आली की ‘सुपर १००’. महागाई फक्त डाळीत होत नाही.

आणखी एक. हा ‘सुपर’ शब्द मुळात शुद्ध लोकरीच्या कापडासाठी आहे. किंचित इलॅस्टिक धागा किंवा कॅशमिअर, रेशीम अशा उंची तंतूंची सोबत चालते. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाच्या किनारीवर ‘सुपर १२०’ विणलेलं मी पाहिलंय. त्याला काही अर्थ नाही. कापडाचं वजन किती, वीण कशी, दोऱ्याला पीळ किती, हेही तो आकडा सांगत नाही. रोज ऑफिसला घालायचा सूट १६० चा घेतलात, तर वर्षभरात बसायच्या जागी चकाकी येईल. १०० ते १२० भरपूर झालं. दुकानदाराने हे सांगावं अशी माझी अपेक्षा नाही. :)

कापडपेठ | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

काका, पोटावर पाय देताय. पण मुद्दा मान्य.

शंकेखोर | १२ जानेवारी, रात्री ९:११

एवढं पुराण कशाला? मायक्रॉन कमी म्हणजे प्रत वरची, जास्त म्हणजे खालची. विषय संपला. पश्मिना १२ ते १६ मायक्रॉन म्हणून एवढा महाग, आणि आपली घोंगडी तळाला. सासरेबुवा चुकतायत, सूनबाई बरोबर.

(अवांतर: पश्मिना मेंढीचा नाही, शेळीचा. उगाच कुणी लिहायला नको.)

माणदेशी | १२ जानेवारी, रात्री ११:३६

@शंकेखोर, रागावू नका, पण तुमच्या बारा मायक्रॉनचं घोंगडं करून म्हसवडच्या माळावर आषाढात मेंढरामागं एक दिवस हिंडून दाखवा. संध्याकाळी पिळून काढावं लागंल, घोंगडं बी आणि तुम्हाला बी.

आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती. वडील नोकरीला लागले, चुलत्यांची अजून आहेत. दिवाळीनंतर कोकणाकडं नाहीतर खाली सपाटीला उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला माघारी. मेंढरू दख्खनी. काळं, काळं-पांढरं, एखादं खैरं. वर्षातनं दोनदा कातरायचं. कातरायच्या आधी कळप ओढ्यात घालून धुतात, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेक मेंढरू चोळतात. मग सुकवायचं आणि कातर चालवायची. एका मेंढरामागं एका कातरणीला पावशेराच्या आसपास लोकर निघती, जास्तीची आशा धरायची नाही.

आणि प्रत आमच्याकडं बी लावत होते की. आकडा नव्हता, शब्द होते. कोकराची पहिली कातरणी म्हंजे जावळ. माणसाच्या लेकराचं काढतात तेच नाव. ती लोकर कधीच दुसरीत मिसळायची नाही. तिचं टोक कधी कातरलेलं नसतं, निमुळतं असतं, हाताला रेशमासारखी लागती. जावळाचं घोंगडं म्हंजे देवाला नाहीतर जावयाला. त्याच्याखाली मोठ्या मेंढराची. त्यात परत रंगाची वाटणी. जातिवंत काळी वेगळी, उन्हानं टोकं तांबूस पडलेली वेगळी, पांढरी वेगळी. पोटाखालची, पायाची, कुसळं आणि सराटे भरलेली कुठंतरी गादीत नाहीतर पिंजाऱ्याकडं, त्याचं जेन नाहीतर बुरणूस, म्हंजे न विणता दाबून केलेलं जाड कांबळं, व्हायचं.

मग बाया चरख्यावर सूत काढायच्या आणि सणगर ते विणायचे. ताणा मागावर चढायच्या आधी सुताला चिंचोक्याची खळ. म्हणून नवं घोंगडं लाकडासारखं ताठ उभं राहतं. चार पावसाळं झालं की मग ते अंगाला ओळखाय लागतं. सासऱ्यांना सांगा, माणदेशातनं रामराम.

विणतेय_तर_विणू | १३ जानेवारी, सकाळी ७:५८

माणदेशीदादा, सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चहा गार झाला त्यांचा. म्हणाले, “जावळ हा शब्द चाळीस वर्षांनी ऐकला.” मग स्वतः उठून घोंगडी आणली आणि मला टोकं दाखवत बसले, कुठली मेंढी कुठल्या बाजूला आहे म्हणे. सासूबाईंनी डोळ्यांनी मला ‘हो म्हण’ अशी खूण केली.

दक्षिणबेट | १३ जानेवारी, दुपारी १२:२५

माणदेशींच्या प्रतिसादाला +१००. शंकेखोर यांचं उत्तर त्यातच आलंय, मी फक्त माझ्याकडची बाजू जोडतो.

त्या अमेरिकी तक्त्याची शेवटची ओळ आहे ‘४०.२० मायक्रॉनहून जाड’. त्याखाली काही नाही. दख्खनीची लोकर त्याच ओळीत येते. म्हणजे ज्या तक्त्यावर जगाने सूट शिवले, त्याच्या लेखी ती जवळजवळ लोकरच नव्हे. पण जाड तंतूला दाबलं तर तो उसळून परत उभा राहतो, बारीक तंतू चेपतो आणि त्याचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला थर, होतो. गालिच्यावरून वीस वर्षं माणसं चालतात, तिथे मेरिनो घातली तर दोन वर्षांत टक्कल पडेल. म्हणूनच राजस्थानच्या मगरा, चोकला, मारवाडी या मेंढ्यांची लोकर बिकानेरच्या बाजारातून भदोहीच्या गालिच्यांत जाते. इथल्या रोमनीचंही तेच. गालिच्याच्या लोकरीची पारख करताना बारीकपणाला नाही, उसळीला, चकाकीला आणि पांढरेपणाला भाव.

आता मेरिनोची वर्गवारी होते कशी, ते सांगतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडात बोट गेलं होतं.

कातरणारा माणूस मेंढीच्या अंगावरून लोकर अशी उतरवतो की ती गोधडीसारखी अखंड निघते. एक जण ती उचलून जाळीदार टेबलावर भिरकावतो, ती हवेत उलगडून सपाट पडते. (मला तीन महिन्यांत एकदाही जमलं नाही. माझी कायम लाडू होऊन पडायची.) बारीक तुकडे आणि दोनदा कातर लागून आखूड झालेले तंतू जाळीतून खाली गळतात. मग दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून कडा ओढून काढतात, घामट, शेणाने माखलेल्या, काटे भरलेल्या. कारण एकाच मेंढीच्या अंगावर लोकर सारखी नसते. खांद्यावरची सर्वांत बारीक आणि एकसारखी, मागे मांडीकडे जाल तशी जाड. पोटाची वेगळीच, कचऱ्याने भरलेली आणि चेपलेली. ती सगळी वेगळ्या गठ्ठ्यांत जाते, मूळ अंगाची वेगळ्या. ही वाटणी करणारा परवानाधारक वर्गीकर्ता असतो, ऑस्ट्रेलियात त्याचा स्वतःचा शिक्का गठ्ठ्यावर उमटतो. गठ्ठा उघडल्यावर आत भलतंच निघालं तर नाव त्याचं जातं.

तो टेबलाशी उभा राहून काय बघतो? एक बट काढतो, लांबी बघतो. मग तिची दोन टोकं दोन हातांत धरतो, कानाजवळ नेतो आणि मधल्या बोटाने टिचकी मारतो. टणत्कार आला तर निरोगी. चरचर आवाज आला किंवा मधेच तुटली तर ‘नाजूक’. ज्या महिन्यात दुष्काळ पडला, मेंढी आजारी पडली किंवा विताना तिचे हाल झाले, त्या महिन्यात वाढलेला तंतूचा तेवढाच भाग बारीक होतो. म्हणजे मेंढीचं अख्खं वर्ष त्या दहा सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. अशी लोकर कितीही बारीक असो, गिरणीत विंचरताना नेमकी तिथे तुटते आणि किंमत पडते.

शंकेखोर | १३ जानेवारी, दुपारी १:०३

बरं, हरलो. पण मग हे सगळं हाताने-कानानेच असेल तर १९.५ मधला तो ‘.५’ आला कुठून? टिचकीने तर नक्कीच नाही.

दक्षिणबेट | १३ जानेवारी, दुपारी २:४०

रास्त प्रश्न, आणि माझ्या पगाराचाही. :)

प्रत्येक गठ्ठ्यात पोकळ नळी खुपसून आतून नमुना काढतात, धान्याच्या पोत्यात टोकदार नळी खुपसतात तसा. नमुना आधी धुवायचा. तेलकट मेरिनोत चरबी, घाम, माती, काटे एवढे असतात की शंभर किलोतून साठ-सत्तर किलोच हाती लागते. हा उतारा स्वतः एक महत्त्वाचा आकडा, खरेदीदार पैसे स्वच्छ लोकरीचेच मोजतो. ती चरबी म्हणजे लॅनोलिन, तुमच्या हातापायाच्या क्रीममध्ये जाते.

जाडी मोजायच्या दोन मुख्य रीती. जुनी रीत हवेची. ठरावीक वजनाची लोकर एका डबीत कोंबून आरपार हवा सोडायची. तंतू बारीक तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग जास्त, म्हणून हवेला अडथळा जास्त. त्यावरून सरासरी निघते, पण फक्त सरासरी. नवी रीत लेझरची. तंतूंचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे करून द्रवात सोडतात, ते एकेक करून लेझरच्या झोतातून जातात आणि प्रत्येकाची सावली मोजली जाते. काही मिनिटांत हजारो तंतू. त्यामुळे सरासरीबरोबर पसाराही कळतो, तो ३० च्या वरच्यांचा हिशेब इथूनच येतो.

विणतेय_तर_विणू | १३ जानेवारी, दुपारी ३:१५

आणि ते कुरळेपण? आमच्या विणकामाच्या ग्रुपवर एक काकू छातीठोक सांगतात की एका इंचात जितक्या नागमोडी लाटा जास्त तितकी लोकर बारीक.

जुनी_गिरणी | १३ जानेवारी, संध्याकाळी ५:२२

काकूंना माझा नमस्कार सांगा, आम्हीही तेच शिकलो होतो. जुने पारखी लाटाच मोजायचे. पुढे यंत्रं आली आणि त्यांनी मोठमोठ्या पारख्यांची फजिती केली. एकाच जाडीच्या दोन कळपांत लाटा दीडपट कमी-जास्त निघायच्या. ढोबळमानाने संबंध आहे, भरवसा नाही. लाटांचा खरा उपयोग वेगळा. त्यामुळे दोऱ्यात हवा अडकते, ऊब येते आणि कापड फुगीर राहतं.

डोळ्याने एक गोष्ट मात्र आजही पक्की कळते, ती म्हणजे ‘केम्प’. भरड लोकरीत पांढुरके, ठिसूळ, आखूड केस असतात, आतून पोकळ. रंग दिला की बाकी दोरा रंगतो आणि हे फिकेच दिसतात. स्वेटरच्या बाहीवर मांजराचे केस चिकटल्यासारखे दिसले की समजा. कपड्याला तो दोष. काही ट्वीडच्या कापडात मात्र मुद्दाम ठेवतात, तेवढंच रांगडं दिसतं आणि भावही चढतो.

पाचवा_गिअर | १३ जानेवारी, रात्री ८:४८

माझा जाळण्याचा सल्ला मागे घेतो. एक विचारू? बारीक लोकरीलाच पैसा आहे तर सरकारने दख्खनी मेंढीचा मेरिनोशी संकर का नाही केला? दोन पिढ्यांत प्रश्न मिटला असता.

माणदेशी | १३ जानेवारी, रात्री १०:२९

केला होता की. मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे नर आणून संकर करून पाहिले. फार्मवर ठीक होतं. दावणीला खायला, औषधाला माणूस. आमचं मेंढरू दिवसाला आठ-दहा मैल चालतं, वाटेत काय मिळंल ते खातं आणि रात्री कुणाच्या तरी वावरात बसतं. त्याच्या अंगावर गच्च, तेलकट, बारीक लोकर असली की चिखल आणि सराटे त्यातच अडकून बसणार, पावसात अंग वाळायचं नाही. दख्खनीची लोकर विरळ आणि कोरडी आहे ती उगाच नाही.

आणि खरं सांगू का, आता लोकरीसाठी मेंढरू कुणी पाळत नाही. पैसा मटणात. आमच्याच भागातलं माडग्याळी मेंढरू बघा, उंच, देखणं, आणि अंगावर लोकर नावाला. लोकांनी निवडून तेच वाढवलं. कातरायची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडती. उन्हाळ्यात मेंढराला उकडतं म्हणून कातरायचं, आणि कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी तिथंच बांधाला पडून राहती. चुलत्यांना गेल्या साली विचारलं, जावळ वेगळं ठेवता का? म्हणाले, कुणासाठी?

दक्षिणबेट | १४ जानेवारी, सकाळी ५:५०

हे वाचून गप्प झालो. इथेही जाड लोकरीची तीच गत आहे. कातरणीचा खर्च निघत नाही म्हणून काही शेतकरी लोकर न येणाऱ्या जातींकडे वळलेत. चार-पाच हजार मेंढ्यांचे मालक आणि वाक्य तुमच्या चुलत्यांचंच.

एक फरक मात्र आठवला. पांढऱ्या मेरिनोच्या गठ्ठ्यात एखादा काळा तंतू सापडला की इथे गहजब होतो, कारण फिकट रंगाच्या कापडात तो शेवटपर्यंत दिसतो आणि चिमट्याने वेचून काढावा लागतो. काळ्या मेंढ्या सगळ्यांत शेवटी कातरतात, मग जागा झाडून घेतात. आणि तुमच्याकडे जातिवंत काळ्याला पहिला मान. मला प्रयोगशाळेत काळ्या तंतूंची गणती करायला बसवलं होतं तेव्हा आजोळची घोंगडी आठवायची. सुपरवायझरला सांगणार काय!

चहा_दोन_कप | १४ जानेवारी, सकाळी ९:३३

धाग्याची वाखूसा (वाचनखूण साठवली). तो मफलर काढून गळ्याला दोन मिनिटं लावून पाहिला. एक मिनिट दहा सेकंद. आता खरंच कुणाला तरी देऊन टाकते.

बाय द वे, ‘मशीनमध्ये धुता येईल’ अशी मेरिनो मिळते ती खरी लोकर असते का?

जुनी_गिरणी | १४ जानेवारी, सकाळी ११:०८

खरीच असते. तंतूवर माशासारखे खवले असतात, धुताना ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. त्या लोकरीचे खवले क्लोरीनने बोथट करून वर पातळ लेप देतात. हाताला गुळगुळीत लागते, पण जाडी आहे तीच. म्हणजे २६ मायक्रॉनची गुळगुळीत केली तरी गळ्याशी ती आपला गुण दाखवणारच.

विणतेय_तर_विणू | १८ जानेवारी, रात्री ९:२०

अहवाल देते.

काल दुकानात गेले. तोच दुकानदार. पाच गुंडे मागितले आणि एकेक करून हनुवटीखाली धरून उभी राहिले. तिसऱ्या गुंड्याला त्याने विचारलं, “मॅडम, मान दुखतेय का?” पट्ट्यांवर मायक्रॉन फक्त दोघांवर होते. एक १९.५ चा, तो पूर्ण दोन मिनिटं टिकला. दुसऱ्यावर २१ लिहिलं होतं, तोही ठीक, पण शेवटी शेवटी जरा जाणवायला लागला. बिनआकड्याच्या तिघांपैकी एक चक्क चांगला निघाला आणि तो १९.५ च्या निम्म्या किमतीचा. तोच घेतला. शंकेखोर, पट्टीपेक्षा गळा खरा.

रंग मात्र त्यात एकच शिल्लक होता, आमसुली. भाची म्हणते बाळाला कुणी आमसुली टोपडं घालतं का. मी म्हटलं, टोचणार नाही, बाकी बोलू नकोस.

पहिला स्वेटर उसवला. चहा_दोन_कप, तुमच्या मफलराला जोडीदार हवा असेल तर लोकर तयार आहे. नाहीतर त्याचं चहाच्या किटलीला टोपडं करते, तिला काही टोचत नाही.

आणि माणदेशीदादा, सासरे विचारतायत, चुलते पुढच्या कातरणीला एखाद-दोन कोकरांचं जावळ वेगळं ठेवतील का? घोंगडीएवढं नको. उशीच्या अभ्र्याएवढं निघालं तरी चालेल म्हणतात. पैसे ते पेन्शनमधून देणार आहेत, माझ्याकडून एक रुपया घ्यायचा नाही अशी तंबी आहे.

माणदेशी | १८ जानेवारी, रात्री ११:०२

चुलत्यांना आत्ताच फोन केला. आधी हसले, मग म्हणाले काळं पाहिजे का पांढरं ते विचार.

विणतेय_तर_विणू | १८ जानेवारी, रात्री ११:०६

पलीकडच्या खोलीतून ओरडून उत्तर आलंय. काळं.